जुन्या ट्रकच्या इंजिनची टिकटिक आणि टॅपेट सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्डातून कांदा भरणारे, हंगामात कारखान्यावर ऊस ओढणारे आणि चिंचोळी एमआयडीसीतून माल नेणारे सोलापुरातले बरेच ट्रक अजून जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनांवर चालतात. हे पान त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः टाटा ६९७ आणि कमिन्स ६बीटी या सहा सिलिंडरच्या इंजिनांची घेतली आहेत.

टिकटिक नेमकी कशाची येते?

कॅमशाफ्ट (उंचवटे असलेला फिरता दांडा) फिरताना ब्लॉकमधला टॅपेट, म्हणजे त्या उंचवट्यावर टेकलेला छोटा भाग, वर उचलतो, टॅपेट पुशरॉडला (लांब उभ्या दांडीला) ढकलतो, पुशरॉड रॉकरचं, म्हणजे मधोमध टेकलेल्या तरफेचं, एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्हचा देठ दाबतं. देठ आणि रॉकर यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, कारण व्हॉल्व्ह तापला की लांबतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘टॅपेट सेट करणं’ म्हणतात, ते खरं तर ही फट लावणं. टॅपेट खाली ब्लॉकमध्येच असतो, त्याला कुणी हात लावत नाही.

फट वाढली की रॉकर देठावर अलगद न टेकता आपटतो. तीच टिकटिक. गाडी ६०० आरपीएमवर उभी असेल तर कॅमशाफ्ट मिनिटाला ३०० वेळा फिरतो, म्हणजे एक ढिला व्हॉल्व्ह सेकंदाला पाच वेळा वाजतो. अ‍ॅक्सिलेटर दिला की वेग त्याच प्रमाणात वाढतो. आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत-कमी होत नसेल, तर तो टॅपेटचा नाही. सैल ब्रॅकेट, पत्रा किंवा पंख्याचं आवरण आधी बघा.

आवाज टॅपेटचाच आहे, हे कव्हर न उघडता कसं ओळखायचं?

नुसत्या ठेक्यावरून ओळखता येत नाही. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते), मॅनिफोल्डची (हेडला जोडलेल्या हवेच्या-धुराच्या नळ्यांची) गळती आणि टॅपेट, तिन्ही दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात. म्हणून तीन गोष्टी करून बघा.

पहिली, दांडी लावून ऐकणं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर ठेवा, मूठ कानामागच्या हाडाला टेकवा आणि पुढच्या सिलिंडरपासून मागे सरकत जा. टॅपेटचा आवाज कव्हरवर स्वच्छ, कोरडा आणि वरच्या पट्टीत ऐकू येतो. तोच आवाज ब्लॉकच्या खालच्या बाजूला, चेंबरजवळ (तळाच्या तेलाच्या भांड्याजवळ) जास्त घुमत असेल आणि ‘टिक’ऐवजी ‘ठक’ असा जड येत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्या आणि गाडी तिथंच बंद करा. पंख्याचा पट्टा फिरत असतो, शर्टाची बाही आणि गळ्यातला गमछा सांभाळा.

दुसरी, थंड आणि गरम इंजिनाचा फरक. सकाळी चालू केल्याबरोबर चटचट येते आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापल्यावर विरते, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. लोखंड तापून फुगतं आणि गळती तात्पुरती बुजते. मॅनिफोल्ड हेडला टेकतो तिथं काजळीचे काळे फराटे दिसतील. टॅपेटची टिकटिक गरम झाल्यावर अशी पुरती नाहीशी होत नाही.

तिसरी आणि सगळ्यात खात्रीची, सिलिंडर कापून बघणं. इंजिन हळू चालू ठेवून एका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. आवाज लगेच बदलला किंवा थांबला, तर तो जळणाशी जोडलेला आहे: नोझल, गळती किंवा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग). आवाज जसाच्या तसा राहिला, तर टॅपेट, रॉकर, पुशरॉड याच बाजूला शोधा, कारण सिलिंडर पेटो न पेटो, रॉकर आपटतच राहतो. नटाभोवती जाड फडकं धरा आणि हात किंवा चेहरा फवाऱ्यासमोर आणू नका. दाबाखालचं डिझेल कातडीत शिरतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी सरळ दवाखाना गाठायचा. ही चाचणी फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर करायची. कॉमन रेल इंजिनाचे (नव्या, इलेक्ट्रॉनिक, फार जास्त दाबाच्या इंजिनाचे) पाइप चालू इंजिनावर कधीही सैल करू नका.

किती फट ठेवायची?

टाटा ६९७ ला थंड इंजिनावर इनलेट ०.२० मिमी आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. कमिन्स ६बीटी, म्हणजे १२ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर इंजिनाला, इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. हे आकडे एकमेकांना चालत नाहीत. दुसरं इंजिन असेल तर त्याच्या पुस्तिकेतला किंवा इंजिनावरच्या पट्टीवरचा आकडा घ्या. ट्रकची चासी एका मॉडेलची आणि आत बदललेलं इंजिन दुसरंच, असं जुन्या गाड्यांत नेहमी सापडतं. आकडा इंजिनाचा बघायचा, गाडीच्या नावाचा नाही.

एक्झॉस्टला फट जास्त का, हे विचारलं जातं. इनलेटवरून प्रत्येक वेळी थंड हवा जाते, एक्झॉस्टवरून जळका वायू जातो. तो जास्त तापतो आणि त्याचा देठ जास्त लांबतो.

‘वीसची पट्टी लाव’ म्हणजे कोणती?

इथं गोंधळ होतो आणि तो महागात पडतो. फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याच्या, पट्ट्यांवर दोन मापं असतात, मिलिमीटर आणि थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. टाटाचा माणूस वीस म्हणतो तेव्हा त्याला ०.२० मिमी म्हणायचं असतं, ते सुमारे ८ थाऊ भरतं. कमिन्सचा माणूस वीस म्हणतो तेव्हा ते २० थाऊ, म्हणजे ०.५१ मिमी. ६९७ चं इनलेट २० थाऊवर लावलं तर गाडी शिलाई मशीनसारखी वाजेल. ६बीटीचं एक्झॉस्ट ०.२० वर लावलं तर वाजणार नाही, उलट इंजिन छान शांत वाटेल आणि व्हॉल्व्ह जळेल. पट्टीवरचा आकडा दशांश चिन्हासकट वाचून घ्या. तेलकट पट्टीवरचे आकडे पुसट झाले असतील तर गेज टाकून द्या.

सोलापूरच्या मे महिन्यात इंजिन ‘थंड’ कधी असतं?

बाहेर ४२-४३ अंश असले तरी चालतं. थंड म्हणजे गार नव्हे, तर इंजिन स्वतःच्या जळणाने तापलेलं नसणं. कमिन्सची अट पाण्याचं तापमान ६० अंशांच्या खाली असावं अशी आहे, आणि रात्रभर उभी असलेली गाडी भर उन्हाळ्यातही त्याच्या खूप खाली असते. अडचण वेगळीच आहे. गाडी अकराला हैदराबाद नाक्यावर येते, मिस्त्री एकला कव्हर उघडतो आणि बॉनेट उघडं ठेवल्याने इंजिन थंड झालंय असं समजतो. एवढा मोठा ओतीव लोखंडाचा गोळा दोन तासांत थंड होत नाही. गाडी रात्री उभी करा आणि पहाटे काम धरा. उन्हाळ्यात मिस्त्रीलाही तेच बरं पडतं.

काय काय लागतं?

फिलर गेज, चेकनटच्या (रॉकरवरचा फट लावायचा स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटच्या) मापाचा रिंग पाना (६बीटीला १४ मिमी), आडव्या चिरेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, क्रँक पुलीच्या बोल्टसाठी सॉकेट आणि लांब दांडी, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, खडू आणि स्वच्छ फडकं. पॅकिंग आधी आणून ठेवा. जुनंच पॅकिंग पुन्हा बसवलं तर आठवड्यात मॅनिफोल्डवर तेल गळून धूर येतो.

फडक्याबद्दल एक सोलापुरी सूचना. इथं टेरी टॉवेलचे तुकडे स्वस्तात मिळतात आणि गॅरेजमध्ये तेच वापरले जातात. हात पुसायला उत्तम, पण उघड्या हेडवर नको. टॉवेलचे सुटे धागे रॉकर शाफ्टच्या तेलाच्या बारीक भोकांत अडकतात आणि ज्या आवाजासाठी कव्हर उघडलं तोच पुढे वाढतो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचा तुकडा घ्या.

सेटिंगची पद्धत पायरीपायरीने सांगा.

सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून बांधून ठेवा. जुनं डिझेल इंजिन पेटायला वीज लागत नाही. ढकलल्याने किंवा दांडीने फिरवल्याने एखादा सिलिंडर पेटला तर दांडी हातातून सुटून लागते.

कव्हर काढण्याआधी त्याच्यावरची आणि आजूबाजूची धूळ ब्रशने झाडून पुसून घ्या. कव्हर उघडल्यावर हवेचा झोत मारू नका. रस्त्याकडेला उघडं गॅरेज असेल तर वरून कापड धरा. काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की लेपासारखी होते. ६९७ ला एकच लांब कव्हर असतं. ६बीटीला सहा छोटी कव्हरं, प्रत्येकी एका बोल्टची.

आता कुठलाही पाना लावायच्या आधी नुसतं बघा. एखादा चेकनट सैल आहे का, व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली आहे का, पुशरॉड वाटीतून निसटला आहे का, रॉकरचं टोक खड्ड्यासारखं झिजलं आहे का. टिकटिकीचं कारण अर्ध्या वेळा इथंच दिसतं.

मग सिलिंडर लावून घेणं. दोन्ही इंजिनांचा पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ आहे आणि जोड्या १-६, ५-२, ३-४ अशा पडतात. जुन्या गाडीच्या पुलीवरची खूण पुष्कळदा गंजलेली असते किंवा पुलीच बदललेली असते, म्हणून खुणेवर विसंबू नका. जोडीतल्या एका सिलिंडरचे रॉकर ‘हलताना’ बघा. सॉकेट लावून क्रँक समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. एका सिलिंडरवर एक्झॉस्टचा रॉकर वर येत असतानाच इनलेटचा खाली जायला लागतो. दोन्ही उलट दिशांनी हलतात तो क्षण पकडा आणि थांबा. त्या वेळी त्याच्या जोडीदाराचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात आणि तोच सेट करायचा:

६ हलतोय, तर १ सेट करा.
२ हलतोय, तर ५.
४ हलतोय, तर ३.
१ हलतोय, तर ६.
५ हलतोय, तर २.
३ हलतोय, तर ४.

प्रत्येक टप्प्यामध्ये क्रँक एक तृतीयांश फेरा फिरतो. चार सिलिंडरचं, १-३-४-२ क्रमाचं इंजिन असेल तर अर्धा-अर्धा फेरा आणि जोड्या १-४ आणि ३-२. सेट झालेल्या रॉकरवर खडूची रेघ मारा. मध्येच चहा आला की कुठवर आलो होतो ते विसरायला होतं.

प्रत्यक्ष सेटिंग असं. आधी दोन्ही रॉकर बोटांनी हलवा, किंचित खेळ जाणवला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू धरून चेकनट सैल करा. पट्टी देठ आणि रॉकरच्या मधे सरळ सरकवा, तिरपी नाही. पट्टी थोडी अडून, पण वाकल्याशिवाय सरकेल इतका स्क्रू फिरवा. मग स्क्रू जागेवर घट्ट धरून चेकनट आवळा. ६बीटीचा आकडा २४ न्यूटन मीटर आहे. टॉर्क पाना नसेल तर आखूड रिंग पान्याने हाताच्या जोराने घट्ट करा, पाइप लावून नाही. चिरा पसरतात आणि पुढच्या वेळी स्क्रू फिरत नाही.

नट आवळताना स्क्रू हमखास जरासा सोबत फिरतो आणि फट कमी होते. म्हणून पट्टी पुन्हा घालून बघणं ही सेटिंगचीच पायरी समजा. ‘अडून सरकणं’ हे प्रत्येकाच्या हाताचं वेगळं असतं, त्यामुळे दोन पट्ट्यांची कसोटी लावा. ०.३० ची फट हवी असेल तर ०.३० जावी आणि ०.३५ जाऊ नये.

दोनच वेळा इंजिन फिरवून सगळे सेट होतात म्हणे?

होतात, आणि घाईच्या गॅरेजमध्ये तसंच करतात. १ नंबर पेटण्याच्या वरच्या टोकावर असताना, म्हणजे ६ हलत असताना, इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ लावायचे. मग क्रँक बरोबर एक पूर्ण फेरा फिरवून इनलेट ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. पद्धत बरोबर आहे, पण यादी चुकली किंवा फेरा थोडा कमी-जास्त झाला तर अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर फट लागते. पहिल्यांदा करत असाल तर वरची सहा टप्प्यांची पद्धत धरा, वेळ फार तर अर्धा तास जास्त जाईल.

इनलेट कोणता आणि एक्झॉस्ट कोणता?

मॅनिफोल्डच्या नळीमागे बोट न्या. नळी ज्या व्हॉल्व्हच्या रेषेत हेडला लागते तो त्या मॅनिफोल्डचा. ओळीतल्या क्रमावरून अंदाज बांधू नका.

आवाज पूर्ण बंद होईपर्यंत स्क्रू आवळला तर?

हे करू नका. ढिला टॅपेट निदान आवाज करून सांगतो. तंग टॅपेट काहीच सांगत नाही आणि नुकसान मात्र तोच मोठं करतो. फट उरली नाही की तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकलेल्या क्षणातच हेडमध्ये, तिथून पाण्यात जाते. टेकायलाच मिळालं नाही तर तो लाल होतो, कडेला चीर पडते आणि त्या चिरेतून प्रत्येक वेळी ज्वाळा जाते. मग हेड उतरवणं, नवे व्हॉल्व्ह, सीट घासणं, सगळं आलं.

तंग व्हॉल्व्ह ओळखायचा कसा? सकाळी चालू व्हायला त्रास, हळू चालताना एक सिलिंडर चुकणं (नीट न पेटणं), सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर एकसारख्या फुंकरीत मधेच पोकळ झोत. इनलेट गळत असेल तर एअर क्लीनरमध्ये उलटा ‘फुस्’ असा आवाज येतो. चढावर ओढ कमी होते ती वेगळीच.

सेटिंगनंतर जुन्या इंजिनाने थोडी बारीक टिकटिक ठेवली तर ती ठेवू द्या. त्या इंजिनाला तेवढी फट लागतेच.

चालू इंजिनावर, कानाने ऐकून सेट करणारे मिस्त्री आहेत. चालतं का?

वाजणारा व्हॉल्व्ह कोणता, हे शोधायला चालतं. हळू चालणाऱ्या इंजिनावर कव्हर काढून रॉकर आणि देठामध्ये पट्टी घातली की तो आवाज दबतो, व्हॉल्व्ह सापडला. तेल उडतं, चष्मा लावा. पण कानाने फट लावणं म्हणजे आवाज बंद होईपर्यंत आवळणं, आणि त्याचं काय होतं ते वर सांगितलं आहे.

फट बरोबर लावली तरी टिकटिक गेली नाही. आता?

सगळ्यात जास्त सापडणारं कारण रॉकरच्या टोकावरचा खड्डा. लाखो वेळा आपटून रॉकरचं टोक देठाच्या रुंदीएवढं आत झिजतं. पट्टी सपाट असते, ती खड्ड्याच्या दोन काठांवर पुलासारखी बसते. पट्टी ०.३० सांगते, पण खड्ड्याच्या तळाशी फट ०.४५ असू शकते. म्हणजे तुम्ही काठ मोजता आणि देठ मात्र खड्ड्यात आपटतो. नख फिरवून बघा, काठ नखाला लागतो. यावर पट्टीचा काही उपाय नाही. तिथं डायल गेज लावून फट मोजावी लागते. खरा इलाज म्हणजे रॉकर बदलणं किंवा चांगल्या मशीन शॉपमध्ये टोक घासून मूळ गोलाईला आणणं. ग्राइंडरवर हाताने घासलेला रॉकर लवकरच पुन्हा वाजतो, वरचा कडक थर गेलेला असतो.

दुसरं, रॉकरचा बुश. रॉकर धरून शाफ्टवर वर-खाली हलवा. बाजूला सरकणं चालतं, वर-खाली खेळ नको.

तिसरं, तेल. रॉकर शाफ्टमधली भोकं गाळाने बंद झाली तर वरचे रॉकर कोरडे चालतात. कव्हर काढून इंजिन काही सेकंद हळू चालवा. प्रत्येक रॉकरजवळ तेल झिरपताना दिसलं पाहिजे. एखादाच कोरडा असेल तर शाफ्ट उतरवून तार घालून साफ करा. सगळेच कोरडे असतील तर तेलाचा दाब आधी बघा, टॅपेट नंतर.

चौथं, वाकलेला पुशरॉड. काढून काचेवर किंवा फरशीवर लोळवा, उड्या मारत असेल तर बाद.

शेवटचं आणि खर्चाचं, झिजलेला कॅम किंवा टॅपेट. एकाच व्हॉल्व्हची फट पुन:पुन्हा वाढत असेल आणि त्याचा रॉकर शेजाऱ्यांपेक्षा कमी उघडत असेल, तर कॅमचा उंचवटा खाल्ला गेला आहे. सेटिंग करत राहून पैसे घालवू नका.

जाड तेल टाकलं तर आवाज जाईल?

काही दिवस दबेल. शिफारस असलेलं १५डब्ल्यू-४०, पातळी दांडीच्या दोन खुणांमध्ये आणि वेळेवर फिल्टर, एवढं पुरतं. मुद्दाम जाड केलेलं तेल पहाटे रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावतं, म्हणजे सुरुवातीची कोरडी टिकटिक वाढते.

माल भरला आहे, हैदराबादला जायचं आहे. तशीच नेऊ का?

हैदराबाद इथून साधारण ३०० किलोमीटर. एकसारखी, बारीक, कित्येक आठवड्यांपासूनची टिकटिक असेल, ओढ ठीक आणि तेलाचा दाब ठीक असेल तर माल पोचवून या आणि मग काम करा. पण आवाज अचानक सुरू झाला, एकदम मोठा झाला किंवा सोबत एक सिलिंडर चुकायला लागला तर हलवू नका. बहुतेक वेळा चेकनट सुटून स्क्रू बाहेर येत असतो, किंवा पुशरॉड निसटलेला असतो. तशीच गाडी नेली तर पुशरॉड वाकतो आणि रॉकर तुटतो. तुटकी स्प्रिंग असेल तर व्हॉल्व्ह आत पडून पिस्टनवर आपटण्याचा धोका आहे. कव्हर उघडून बघायला वीस मिनिटं लागतात.

हेडचं काम झाल्यावर लगेच सेट केलं होतं. पुन्हा का सांगतात?

नवं हेड पॅकिंग गरम-थंड होत दबतं. जुन्या इंजिनांत त्यामुळे हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळावे लागतात, आणि हेड किंचित खाली बसलं की टॅपेटची फट कमी होते. म्हणून क्रम ठरलेला: आधी हेडचे बोल्ट, मग टॅपेट. उलटं केलं तर बरोबर लावलेली फट दहा मिनिटांत तंग होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरनंतर एकदा बघून घ्या.

एरवी किती दिवसांनी बघायचं?

वर्षातून एकदा तरी. ऊस ओढणाऱ्या गाड्यांना गाळप हंगामाच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास बघणं सोयीचं. एकदा नांगी टाकली तर हंगामात गाडी उभी ठेवायला कुणाकडेच वेळ नसतो. प्रत्येक वेळी किती फट सापडली ते वहीत व्हॉल्व्हवार लिहा. वाढत जाणारी फट म्हणजे वरचे भाग झिजतायत. कमी होत जाणारी फट म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चाललाय, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा.

गॅरेजमध्ये काम देताना काय बघावं?

गाडी थंड असताना कव्हर उघडलं का, पट्टी वापरली का आणि नट आवळल्यावर पट्टी पुन्हा घातली का, एवढं उभं राहून बघा. आकडा आधीच विचारा. ‘अंदाजाने करतो’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

नव्या गाड्यांना हेच लागू आहे का?

नाही. काही इंजिनांना हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथं लावायला फटच नसते, आणि टिकटिक आली तर तेल किंवा टॅपेट बघायचा. कॉमन रेल इंजिनांत नोझलचाच आवाज टॅपेटसारखा वाटतो.

कव्हर बसवल्यावर तेल गळतंय.

जुन्या पॅकिंगचा तुकडा खोबणीत राहिला आहे किंवा बोल्ट जास्त आवळून कव्हरची कड वाकली आहे. कव्हर सपाट फरशीवर उलटं ठेवून कुठं डुलतं ते बघा. वाकलेली कड लाकडी गुटक्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ होते, ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर मात्र ठोकू नका. पॅकिंगवर सिलिकॉनचा जाड थर देऊ नका. आतल्या बाजूला दाबलेला त्याचा गोळा सुटून तेलाच्या जाळीपर्यंत जातो. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळा, इंजिन दहा मिनिटं चालवा आणि कडेने बोट फिरवून बघा.